पुरी तेल पिते : मराठीतील लोकसुलभ विज्ञानलेखन आणि घरगुती क्रियापदे

मराठीतील लोकसुलभ विज्ञानलेखनाची चर्चा बहुधा परिभाषेच्या प्रश्नापाशी सुरू होते आणि तेथेच थांबते. ‘ऑक्सिजन’ म्हणावे की ‘प्राणवायू’, ‘टेलिफोन’ की ‘दूरध्वनी’, संस्कृत धातूंतून नवे शब्द घडवावे की परभाषेतील शब्द जसेच्या तसे घ्यावे, हा वाद मराठीत पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे. तो निरर्थक होता असे नाही. शिक्षणाच्या व शासनव्यवहाराच्या दृष्टीने त्याची गरज होतीच. तथापि त्याचा एक परिणाम असा झाला की, शास्त्रीय लेखनाची सारी अडचण नामांत आहे असा समज अभ्यासकांत आणि लेखकांतही दृढ झाला. नाम वस्तूची ओळख पटवते. त्या वस्तूचे काय होते, कशाने होते आणि किती वेळात होते, हे सांगण्याचे काम क्रियापदाकडे असते. आणि सामान्य वाचकाला विज्ञान समजावून देणे म्हणजे मुख्यतः घडामोडी समजावून देणे होय. या दृष्टीने पाहिल्यास मराठीची खरी मिळकत कोशकारांच्या टाकसाळीत नसून स्वयंपाकघरात, परसात आणि शेतात बोलल्या जाणाऱ्या क्रियापदांत आहे, आणि विज्ञानलेखनाने तिचा उपयोग फारच कमी केला आहे, असे म्हणावे लागते.

शालेय पुस्तकातील ‘बाष्पीभवन’ हा शब्द उदाहरणादाखल घेता येईल. शब्द निर्दोष आहे. त्याची फोड केली की अर्थही हाती येतो. परंतु ज्या घरातील मूल हा शब्द पाठ करते, त्या घरात ही क्रिया दिवसातून अनेकदा निरनिराळ्या नावांनी घडत असते. दोरीवरचे कपडे वाळतात, विहीर आटते, गजऱ्यातील फुले सुकतात, बाटलीतील अत्तर उडून जाते. ही चार क्रियापदे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. विहीर वाळली असे कोणी म्हणत नाही, आणि कपडे आटत नाहीत. बारकाईने पाहिले असता या भेदामागे एक व्यवस्था दिसते. ‘वाळणे’ हे क्रियापद पाणी गेल्यावर जे मागे उरते त्याकडे पाहते. ‘आटणे’ हे जो द्रव कमी कमी होत आहे त्याच्याकडे पाहते. म्हणून बासुंदीसाठी दूध आटवतात आणि कोकमाच्या साली मात्र वाळवतात. ‘सुकणे’ यात बहुधा काही गमावल्याची, टवटवी गेल्याची छटा असते. ‘उडून जाणे’ हे निघून जाणाऱ्या अंशाकडे पाहते. एकाच भौतिक घटनेकडे भाषेने चार बाजूंनी पाहिले आहे, आणि शास्त्रीय शब्दाने या चारही बाजूंना एका नामाखाली आणले आहे.

शास्त्राचे सामर्थ्य या एकत्र आणण्यात आहे, यात संशय नाही. वाळणारे धोतर आणि आटणारी विहीर या दोहोंत एकच कारण काम करते, हे कळणे हाच विज्ञानाचा पहिला आनंद. पण तो आनंद मिळण्यासाठी आधी धोतर आणि विहीर डोळ्यांसमोर असावी लागतात. मराठीतील पुष्कळशा विज्ञानलेखांत ‘बाष्पीभवन’ येते आणि ‘वाळणे’ येत नाही. उलट दिशेनेही सावध राहावे लागते. अत्तर उडून जाते तसाच कापूरही उडून जातो, असे मराठी म्हणते; पण अत्तर द्रव आहे आणि कापूर घन असून मध्ये द्रव न होता थेट वायुरूप होतो. येथे घरगुती भाषेने जो भेद केला नाही तो शास्त्राने करून द्यावा लागतो. ‘संप्लवन’ हा शब्द अशा ठिकाणी आला म्हणजे त्याची गरज वाचकाला आपोआप पटते. कठीण शब्द लेखात असणे हा दोष नव्हे. त्याची गरज निर्माण होण्यापूर्वीच तो येणे हा दोष होय.

माठाचे उदाहरण या संदर्भात विशेष बोलके आहे. उन्हाळ्यात माठातील पाणी गार होते, याचे स्पष्टीकरण मराठी क्रियापदांच्या आधारे जवळजवळ संपूर्ण देता येते. माठ पाझरला पाहिजे, पण गळता कामा नये. झिरपणे, पाझरणे, ठिबकणे आणि गळणे यांतील अंतर मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. कुंभाराने भाजलेल्या मातीत सूक्ष्म छिद्रे राहतात. त्यांतून पाणी पाझरून बाहेरच्या अंगावर येते आणि तेथे वाळते. वाळण्यासाठी उष्णता लागते, ती माठातील पाण्यातूनच घेतली जाते. येथपर्यंत कोणतीही परिभाषा लागलेली नाही. पुढे आकडे आले तरी वाचक बिचकत नाही. उन्हाळ्यातील तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. दहा लिटर पाणी दहा अंशांनी गार करायचे तर एक लाख कॅलरी काढून घ्याव्या लागतील. म्हणजे सुमारे पावणेदोनशे ग्रॅम, एका पेल्याएवढे पाणी माठाच्या अंगावरून उडून गेले की हिशेब पुरा होतो. बाहेरच्या हवेतून माठात शिरणारी उष्णता जमेस धरली तर प्रत्यक्षात याहून काहीसे अधिक पाणी खर्च होते.

याच हिशेबातून नागपूर आणि रत्नागिरी यांतील फरकही उलगडतो. वैशाखात नागपूरकडे पारा ४४ अंशांवर जातो, पण हवा कोरडी असते. सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या पृष्ठभागाला २३-२४ अंशांपर्यंत उतरता येते. किनाऱ्यावर तापमान ३३ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल तर हीच मर्यादा २९ अंशांच्या आसपास राहते. हवेतच पाणी भरलेले असल्याने माठाच्या अंगावरचे पाणी वाळत नाही. कोकणात घाम वाळत नाही त्याचेही कारण हेच. ज्याचा ताप अधिक त्याचे पाणी अधिक गार, हा विरोधाभास कोणत्याही वाचकाला थांबवून विचार करायला लावणारा आहे. नवा माठ चांगला गार करतो आणि जुना करीत नाही, हा घरोघरचा अनुभवही या ओघात येतो : पाण्यातील क्षार छिद्रांत साचून ती बुजतात आणि माठ पाझरेनासा होतो.

प्रश्न असा की, इतकी समृद्ध क्रियापदे हाताशी असताना मराठी विज्ञानगद्य दुसऱ्या वाटेने का गेले? याचे उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शोधावे लागते. १८३० च्या दशकात हरि केशवजी यांनी पदार्थविज्ञान आणि रसायन या विषयांवरील संवादरूप इंग्रजी ग्रंथ मराठीत आणले. बाळशास्त्री जांभेकर यांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ आणि १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू केले. या मासिकात भूगोल, पदार्थविज्ञान इत्यादी विषयांना प्रमुख स्थान होते. १८५० मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ आले, आणि १८६१ मध्ये कृष्णशास्त्री चिपळूणकरांचा ‘अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह’ प्रसिद्ध झाला. ही कामगिरी लहान नव्हे. मराठी गद्याला कार्यकारणभावाची मांडणी करण्याची सवय या लेखनाने लावली, आणि पुढील निबंधवाङ्मय त्या सवयीवर उभे राहिले. कृष्णशास्त्र्यांचे गद्य तर आजही स्वच्छ आणि वाचनीय वाटते.

परंतु याच वर्षांत मुंबई-पुण्याकडे दुसरे एक काम चालले होते. मोल्सवर्थ आणि त्याचे सहकारी शास्त्री मराठी शब्द गोळा करीत होते. कोशाची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये आणि वाढवलेली दुसरी १८५७ मध्ये निघाली. त्या कोशात शेतकरी, कोष्टी, सुतार, कुणबीण, गवळी यांच्या तोंडचे शब्द, त्यांच्या अर्थांच्या बारीक छटांसह नोंदले गेले. एकीकडे मराठीचे व्यवहारज्ञान कोशात साठत होते आणि दुसरीकडे मराठीतील नवे विज्ञान संस्कृतप्रचुर गद्यात लिहिले जात होते. हे दोन प्रवाह एकाच दशकात, जवळजवळ एकाच वर्तुळातील माणसांच्या हातून वाहिले आणि तरीही एकमेकांना मिळाले नाहीत. याचे कारण सामाजिक आहे. भाषांतरकार पंडित होते. शास्त्र म्हणजे संस्कृताला जवळची गोष्ट, हा त्यांचा संस्कार होता. चुलीपाशी किंवा गोठ्यात बोलली जाणारी भाषा कोशात नोंदण्याजोगी असली तरी शास्त्र सांगण्याजोगी त्यांना वाटली नसावी. चुलीपाशी बोलणारी तर बहुतांशी स्त्री होती, आणि त्या काळच्या विज्ञानगद्यात तिला ना लेखक म्हणून जागा होती ना वाचक म्हणून.

महाराष्ट्राबाहेर एक वेगळा प्रयत्न झाला त्याचा येथे उल्लेख आवश्यक आहे. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये कलाभवन स्थापन झाले. गज्जर रसायनज्ञ होते, आणि रंगाईसारख्या धंद्यांचे शास्त्र कारागिरांच्या मुलांना देशी भाषांतून शिकवावे असा त्यांचा आग्रह होता. जेथे शिकणाराच रंगारी आहे तेथे रंग ‘चढतो’, ‘बसतो’, ‘उतरतो’, ‘फिटतो’ आणि ‘विटतो’ यांतील फरक शिक्षकाला टाळता येत नाही. भाषेचा प्रश्न तेथे कोशातून नव्हे, हौदाकाठी सोडवावा लागतो.

घरगुती क्रियापद उपयोगात न आणल्याने काय गमावले जाते, हे २१ सप्टेंबर १९९५ या दिवशी साऱ्या देशाने पाहिले. त्या दिवशी पहाटे दिल्लीतून सुरू झालेली वार्ता काही तासांत देशभर आणि देशाबाहेरही पसरली : गणपतीची मूर्ती दूध पिते. देवळांपुढे रांगा लागल्या, चमच्याने सोंडेला दूध लावले जाऊ लागले आणि चमच्यातील दूध खरोखरच कमी होऊ लागले. विज्ञानाच्या प्रसाराचे काम करणाऱ्यांनी तत्परतेने खुलासा केला. दिल्लीत शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून ते मूर्तीच्या अंगावरून खाली ओघळत असल्याचे दाखवलेही. मराठी वृत्तपत्रांतील खुलाशांत दोन शब्द प्रामुख्याने आले, ‘पृष्ठताण’ आणि ‘केशाकर्षण’. दोन्ही बिनचूक आहेत. पण रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी काय सांगितले असेल, याचा विचार फारसा झाला नाही.

वस्तुतः उत्तर प्रश्नातच होते. मूर्ती दूध ‘पिते’, हे क्रियापद मराठीत जिवंत प्राण्यांपुरते मर्यादित नाही. पुरी तेल पिते, वांगी तेल पितात, कणीक पाणी पिते, पावसाळ्यात भिंत पाणी पिते, समईतील वात रात्रभर तेल पिते. यांपैकी एकाही वाक्यात चमत्कार आहे असे कोणाला वाटत नाही. वात तेल ओढून घेते ती तिच्या धाग्यांमधील बारीक जागांमुळे. द्रवाचे कण एकमेकांना धरून असतात आणि ज्या वस्तूला ते भिजवू शकतात तिलाही चिकटतात. काठोकाठ भरलेल्या चमच्यातील दूध काठाच्या किंचित वर फुगून आलेले असते. हा फुगवटा सोंडेला लागला की तिला चिकटतो, आणि एकदा का मूर्तीचे अंग ओले झाले की त्या ओल्या वाटेने मागचे दूध आपल्याच भाराने खाली ओघळू लागते. थर इतका पातळ असतो की संगमरवरावर तो दिसत नाही. ज्या गृहिणीने पातेल्यातून हळूहळू चहा ओतला आहे तिला हे नवे नाही. चहा कपात न पडता पातेल्याच्या बाहेरच्या कडेने मागे ओघळतो आणि ओट्यावर सांडतो. चिकटणे आणि ओघळणे ही दोनच क्रियापदे येथे पुरेशी आहेत. ‘पृष्ठताण’ हा शब्द त्यानंतर आला असता तर एका ओळखीच्या गोष्टीचे शास्त्रातील नाव म्हणून तो लक्षात राहिला असता. प्रत्यक्षात तो एका अनोळखी गोष्टीचे दुसरे अनोळखी नाव म्हणून आला, आणि श्रद्धाळू माणसाला त्यात खुलाशापेक्षा उपहासच अधिक ऐकू आला. अंधश्रद्धेविरुद्ध बोलणाऱ्यांना महाराष्ट्रात पुढे किती किंमत द्यावी लागली हे सर्वज्ञात आहे. नरेंद्र दाभोलकरांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झाली. भाषेच्या निवडीने अशा गोष्टी टळतात असे मानणे भाबडेपणाचे होईल. परंतु खुलासा ज्याच्यासाठी आहे त्याच्या भाषेत तो करणे हे किमान कर्तव्य आहे, आणि त्या दिवशी ते पुरते पार पडले नाही.

घरगुती क्रियापदांचा असा पुरस्कार करताना एक धोका संभवतो. विरजणाच्या उदाहरणावरून तो चांगला समजतो. कोमट दुधात दह्याचे विरजण घातले की काही तासांनी दही ‘लागते’. मराठीत रोगाचीही ‘लागण’ होते. नाम आणि क्रियापद एकाच धातूचे. दह्यातील सूक्ष्मजीव नव्या दुधात वाढतात, दुधातील साखरेचे दुग्धाम्ल करतात, आणि आम्लता पुरेशी वाढली की दुधातील केसीन हे प्रथिन एकमेकांना धरून घट्ट होते. रोगाची लागणही सूक्ष्मजीवांच्या एका शरीरातून दुसऱ्यात जाण्यानेच होते. दुग्धाम्लाचे हे किण्वन सजीवांमुळे होते, हे लुई पाश्चरने १८५७ मध्ये मांडले. तेव्हा मराठीने पाश्चरच्या आधीच दही आणि रोग यांचे नाते ओळखले होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. मराठीत आग लागते, भूक लागते, झोप लागते, नोकरी लागते आणि ठेचही लागते; ‘लागणे’ या क्रियापदाच्या अर्थांचा विस्तार एवढा आहे की त्यावरून पूर्वजांच्या जीवशास्त्राविषयी काहीही सिद्ध करता येत नाही. जुन्या शब्दांत नवे शोध वाचण्याची ही खोड भारतीय भाषांतील विज्ञानलेखनाला बरीच जडलेली आहे, आणि परिभाषेच्या अतिरेकापेक्षाही ती अधिक घातक आहे. कारण ती वाचकाला समजावीत नाही, सुखावते.

लेखकाने ‘लागणे’ या शब्दाचा उपयोग पुरावा म्हणून न करता वाट म्हणून करावा. दही लागायला थोडे जुने दही का लागते? दूध फार कढत असताना विरजण घातले तर दही का लागत नाही? उकळत्या दुधात ते सूक्ष्मजीव मरतात. थंडीत ते मंदावतात, म्हणून हिवाळ्यात भांडे उबेला ठेवतात. चाळीस ते पंचेचाळीस अंशांच्या आसपास त्यांची वाढ उत्तम होते, आणि घरातील बाई हे तापमान थर्मामीटरने नव्हे, बोट बुडवून ओळखते. दूध ‘नासते’ तेव्हाही आम्ल वाढलेलेच असते, पण वाढणारे जीव निवडलेले नसतात. दही लागणे आणि दूध नासणे यांतील फरक हा पाहुण्यांना आमंत्रण देण्यातील आणि घर उघडे टाकण्यातील फरक आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे एक कोडेही सापडेल. ‘उत्साहावर विरजण पडणे’ या वाक्प्रचारात विरजण नासधुशीचे चिन्ह झाले आहे. दही ज्या भाषेत मंगल मानतात, शुभकार्याला निघताना हातावर देतात, त्याच भाषेने दह्याच्या बीजाला हा अर्थ का दिला असावा? उतू जाऊ पाहणारे, फेसाळणारे दूध विरजण पडताच निश्चल होते, हे त्याचे एक संभाव्य उत्तर.

इतर भारतीय भाषांत हा प्रश्न कसा हाताळला गेला, याकडे पाहिले असता बंगालीची आठवण प्रथम होते. रवींद्रनाथांनी १९३७ मध्ये ‘विश्वपरिचय’ लिहिले आणि ते सत्येंद्रनाथ बसू यांना अर्पण केले. कवीने विज्ञानावर लिहावे आणि ते भौतिकशास्त्रज्ञाच्या हाती द्यावे, ही घटना एकटी नव्हती. जगदीशचंद्र बसूंचा ‘अव्यक्त’ हा निबंधसंग्रह १९२१ चा. ‘चलंतिका’ या कोशाचे कर्ते राजशेखर बसू व्यवसायाने रसायनज्ञ होते आणि ‘परशुराम’ या नावाने त्यांनी लिहिलेल्या विनोदी कथांना बंगालीत मानाचे स्थान आहे. परिभाषा घडवणाऱ्या माणसाला बोलीतील विनोद अवगत असणे हे त्या भाषेचे भाग्यच होय. सत्येंद्रनाथांनी १९४८ मध्ये बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली आणि ‘ज्ञान ओ विज्ञान’ हे मासिक चालू केले. कन्नडमध्ये शिवराम कारंतांसारख्या कादंबरीकाराने मुलांसाठी आणि सामान्यांसाठी ज्ञानकोश रचले. हिंदीत प्रयागची विज्ञान परिषद १९१३ ची आणि तिचे ‘विज्ञान’ हे मासिक १९१५ चे. मल्याळममध्ये १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शास्त्रसाहित्य परिषदेने १९८० पासून कलाजथ्यांच्या रूपाने विज्ञान गावोगावच्या चौकात नेले. तेथे वाचकाचा श्रोता झाला आणि भाषेला बोलके होणे भागच पडले.

मराठीत प्रयत्न कमी झाले नाहीत. केतकरांच्या ज्ञानकोशाने ‘विज्ञानेतिहास’ हा स्वतंत्र खंड दिला. पुण्यात १९२८ मध्ये गो. रा. परांजपे प्रभृतींनी ‘सृष्टिज्ञान’ हे मासिक सुरू केले आणि त्याने पिढ्यान्‌पिढ्या वाचक घडवले. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झाली. वाईहून निघालेल्या विश्वकोशाचा परिभाषासंग्रह १९७३ मध्ये, आणि विषयांचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी शब्द आणि मग ज्ञान, हा क्रम पुरेसा सूचक आहे.

याच परिषदेच्या १९७४ मधील विज्ञानकथा-स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली ठरली. लेखक जयंत विष्णु नारळीकर होते. पुढच्या वर्षी कऱ्हाडच्या साहित्यसंमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी तिची प्रशंसा केली. नारळीकरांचे बालपण वाराणसीत गेले होते आणि पुढील शिक्षण केंब्रिजला. मराठीतील सर्वाधिक वाचला गेलेला विज्ञानलेखक मराठी मुलखाबाहेर वाढला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या गद्यात वाक्ये लहान, क्रियापदे साधी आणि पारिभाषिक शब्द मोजके असतात. ‘कृष्णविवर’ हा शब्द स्वतः संस्कृत असूनही रुजला, कारण विवरात पडणे आणि त्यातून वर न येणे ही कल्पना पुराणकथा ऐकलेल्या वाचकाजवळ आधीच होती.

नाम देशी की परके, हा प्रश्न किती दुय्यम आहे हे २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेने दाखवले. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत ‘प्राणवायू’ होता आणि घरांत ‘ऑक्सिजन’. योगशास्त्रातील प्राणाची छाया ‘प्राणवायू’ या शब्दावर आहे आणि ती शास्त्राला अडचणीची आहे, असे जुने टीकाकार म्हणत. त्या दिवसांत ती छाया कोणाच्या मनातही आली नाही. ऑक्सिजन ‘खाली आला’, ‘लावला’, ‘काढला’, ‘संपला’. शब्द परका होता, क्रियापदे मराठी होती, आणि अर्थ समजण्यात कोणाचीही चूक झाली नाही.

याच्या उलट दिशेने, शेतातून शास्त्राकडे गेलेला एक शब्द मराठीत आहे. तो म्हणजे ‘वाफसा’. पाऊस पडून गेल्यावर लगेच पेरणी करता येत नाही. वाफसा यावा लागतो. मातीच्या कणांमधील मोठ्या पोकळ्यांतून जास्तीचे पाणी खाली निघून गेलेले असते, तेथे हवा शिरलेली असते, आणि बारीक पोकळ्यांत ओल टिकून असते. बियाण्याला पाणी आणि हवा दोन्ही हवी असतात. ही दोन्ही योग्य प्रमाणात असण्याची स्थिती म्हणजे वाफसा. काळ्या जमिनीत ती यायला अनेक दिवस लागतात, कारण तेथील चिकणमाती पाणी धरून फुगते. मुरमाड जमिनीत एक-दोन दिवसांत वाफसा येतो आणि तितक्याच लवकर जातो. शेतकऱ्याची परीक्षा सोपी आहे. मूठभर माती दाबली तर तिचा लाडू व्हावा आणि तो खाली टाकला तर फुटावा. पाभरीच्या फणाला माती चिकटू नये.

राहुरी (१९६८), अकोला (१९६९), आणि परभणी व दापोली (१९७२) येथील कृषी विद्यापीठे निघाल्यावर त्यांच्या मराठी पुस्तिकांत हा शब्द शिरला. त्याला प्रतिशब्द शोधण्याची गरज कोणाला वाटली नाही. उलट इंग्रजीत तेच सांगताना वाक्यभर वर्णन करावे लागते. पुढे ठिबक सिंचन आले. त्या जोडशब्दातील ‘सिंचन’ कार्यालयीन कागदांत राहिले आणि शेतकऱ्याच्या तोंडी नुसते ‘ठिबक’ राहिले. ठिबकाने मुळांपाशी थोडे थोडे पाणी सतत देता येऊ लागल्यावर वाफशाचे क्रियापदही बदलले. पूर्वी वाफसा ‘येत’ असे आणि शेतकरी त्याची वाट पाहत असे. आता मुळांच्या कक्षेत तो ‘ठेवतात’.